स्वतःचे, अप्रकाशित

झेरॉक्सच्या काचेखालून हिरवा उजेड एकदा सरकत गेला, मारुतीनं झाकण उचललं, पहिलं पान हातात घेतलं आणि ते वेदश्रीला परत न देता तो वाचत उभा राहिला. आधी तिला गंमतच वाटली. धारवाडातल्या मळमड्डीच्या तोंडाशी असलेल्या या दुकानात ती किती वर्षं येत होती. भावाच्या, यशवंतच्या वकिलीचे कागद, कारखान्याची पत्रं, घराचे उतारे, सगळं मारुतीच्या हाताखालून गेलेलं, आणि कागदावर काय आहे याच्याशी त्याला कधी देणंघेणं नसे. पालथं घालायचं, उजेड सोडायचा, उलथून परत द्यायचं. आज मात्र त्याचे ओठ हलत होते. बाहेर स्कूटरी जात होत्या, एक रिक्षावाला उगाचच हॉर्न दाबत बसला होता. मारुतीनं दुसरं पान घेतलं, तेही वाचलं, आणि तिसरं पान अजून तिच्याच हातात असताना मान वर करून म्हणाला,

“देवानं पाणी मागितलं नाही. तेच ना अक्का हे?”

ते वाक्य तिसऱ्या पानाच्या शेवटी होतं. त्यानं ते पाहिलेलं नव्हतं. तिनं हो म्हटलं असावं, कारण मारुती एकदम मोकळा झाला आणि अर्ध्या मराठीत अर्ध्या कन्नडात सांगत सुटला, की त्याची अव्वा, म्हणजे आई, दर गुरुवारी दत्ताच्या देवळात अंबूताईंच्या कीर्तनाला जाते, मराठी तिला निम्मं कळतं निम्मं नाही, पण ही मिठाची गोष्ट तिनं घरी येऊन इतक्यांदा सांगितली आहे की सुनेचा हात मिठाला जरा सैल सुटला तर नातवंडंसुद्धा म्हणतात, देवानं पाणी मागितलं नाही. अक्कांनी अंबूताईंचं कीर्तन लिहून घेतलं हे फार बेस झालं. एक जादा प्रत काढून घेऊ का, अव्वाला वाचता येत नाही, पण उशाशी ठेवील. आणि ती काही म्हणायच्या आत हिरवा उजेड पुन्हा सरकला.

लिहून घेतलं. घरी येईपर्यंत हे दोनच शब्द तिच्या चपलेत अडकलेल्या खड्यासारखे टोचत राहिले. पिशवीत प्रती होत्या, कोमट, एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांच्या खाली यशवंतनं वर्तमानपत्रातून कापून दिलेलं कात्रण. पुण्याच्या एका संस्थेला लेखन-सहायक हवे होते, मुलांची वाचनाची पुस्तकं करायला. अर्जासोबत लेखनाचा नमुना, सुमारे हजार शब्द, स्वतःचे, अप्रकाशित; आणि खाली ‘वरील लेखन सर्वस्वी माझे आहे’ असं लिहून सही. पुढच्या सोमवारच्या आत पोचलं पाहिजे, म्हणजे शुक्रवारी कुरिअरला पडायला हवं. तिचं वय एकतीस. गावाबाहेरच्या बेलूरच्या कारखान्यातली नोकरी जूनपर्यंत. ऑफिस बंगळूरला हलणार होतं आणि टाइप करणाऱ्या बायकांना बरोबर न्यायचं नाही हे साहेबांनी चहा देऊन सांगितलं होतं. नऊ वर्षं ती पंपांच्या खोक्यांबरोबर जाणारी पत्रं टाइप करत आली होती, सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे माल पोचता करावा. त्या पत्रांखालची सही साहेबांची. पुण्याचं ते काम मिळालं तर आयुष्यात पहिल्यांदा ती जे लिहील ते लिहिण्यासाठीच लिहिलेलं असणार होतं. नाही मिळालं तर यशवंतच्या पुढच्या खोलीत त्याच्या अशिलांना बाकावर बसवायचं आणि सुमनवहिनीच्या हाताखाली भाजी निवडायची, प्रेमानं, कारण ती दोघंही प्रेमळच होती, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटे. म्हणून तिनं तिच्याजवळचं सगळ्यात चांगलं काढलं होतं. तिचं म्हणावं असं आयुष्यात एवढं एकच आहे, असं ती या सोमवारच्या संध्याकाळी मारुतीच्या दुकानात जाईपर्यंत धरून चालली होती.

गोष्ट तशी साधी. एका खेड्यात देवळाचा नैवेद्य रांधणारी एक बाई होती. मुदतीच्या तापात तिच्या जिभेची चव गेली. मीठ किती पडलं ते तिला कळेना, आणि नैवेद्य तर चाखून बघायचा नसतो. ती देवाचं नाव घेऊन मुठीनं मीठ घाली. मूठ कधी लहान व्हायची कधी मोठी, बहुतेक मोठीच. पुजाऱ्यानं पहिल्या दिवशी प्रसाद तोंडात घातला आणि तो गप्प राहिला. गावानं खाल्ला, गाव गप्प राहिलं. असं बारा वर्षं चाललं. बाई गेली. तिच्या जागी आलेल्या सुगरणीनं बेतानं मीठ घातलं, प्रसाद वाटला, आणि घास तोंडात पडताच गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलं. कारण तो कुणालाच गोड लागेना, सगळ्यांना अळणी लागला. इथवर वेदश्रीचं. ओळ न् ओळ तिची, हे ती दत्ताच्या पायांवर हात ठेवून सांगू शकत होती. त्यापुढं कीर्तनात अंबूताई थांबत, हातातल्या झांजा चौरंगावर ठेवत, समोरच्या बायकांकडं बघत आणि घरातल्या माणसाची चौकशी करावी तशा विचारत, “आणि देवानं?” थोडं थांबून स्वतःच सांगत, “देवानं बारा वर्षांत एकदा पाणी मागितलं नाही.”

ती बाई म्हणजे आई होती हे वेदश्रीनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती सातवीत असताना वत्सलाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, टायफॉइड झाला आणि बऱ्या होऊन त्या चुलीपुढं बसल्या तेव्हा आमटी समुद्रासारखी झाली. यशवंतनं तोंड वाकडं करून खा— एवढंच म्हटलं होतं, पुढचा ‘रट’ वडलांच्या, म्हणजे अप्पांच्या, नजरेनं तोंडातच राहिला. त्यानंतर त्या घरात मिठाबद्दल कुणी बोललं नाही. भात जास्त घ्यायचा, आमटी कमी, आई आत गेली की दही कालवून घ्यायचं. आई शेवटपर्यंत विचारायची, आज कसं झालंय, आणि सगळे म्हणायचे, मस्त. ती गेली, वर्षश्राद्ध झालं, त्या दिवशी स्वयंपाकाला आलेल्या बाईंची आमटी अगदी नेमकी झाली होती आणि अप्पा पहिल्या घासाला थांबून भिंतीकडं बघत राहिले होते. त्या संध्याकाळी वेदश्री वही घेऊन बसली आणि एका बैठकीत तिनं ते लिहून काढलं. पुढच्या पावसाळ्यात अप्पाही गेले.

वही अंबूताईंची. म्हणजे अंबूताईंच्या कीर्तनांची, वेदश्रीच्या अक्षरातली. अंबूताई चौथी शिकलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंडात अख्खी पोथी. आवाज असा की पदाची पहिली ओळ लागली की देवळातल्या समईची ज्योत सरळ उभी राहते, असं जुनी माणसं सांगत, आणि वेदश्रीनं ते खरं नाही हे माहीत असून कितीदा त्या ज्योतीकडं बघितलं होतं. ती विशीत त्यांच्या मागं पेटीवर बसायला लागली. मग पेटीबरोबर वही आली. रविवारी सकाळी ती लिहिलेलं वाचून दाखवी, अंबूताई डोळे मिटून ऐकत आणि फार तर दोन गोष्टी म्हणत. एक, इथं श्वास घ्यायला जागा नाही. दुसरी, हे छान आहे बाळ, पण यात लोकांनी बसायचं कुठं? पहिल्या पहिल्यांदा तिला त्याचा अर्थ कळत नसे. नंतर तिच्या वाक्यांना आपोआप ओटे फुटायला लागले, कडेला टेकायला. मिठाची गोष्ट वाचली तेव्हा मात्र अंबूताईंनी यातलं काहीच म्हटलं नाही. मग म्हणाल्या, कलघटगीला घेऊ ही.

कलघटगीच्या उत्सवात ती पहिल्यांदा सांगितली गेली. मंडपात शेतावरून तशाच आलेल्या बायका, पायांना माती, मांडीवर झोपलेली पोरं. वेदश्री पेटीवर नुसता षड्ज धरून बसली होती, आपलंच घर उघडं पडतंय अशी. गाव अळणी प्रसाद खाऊन एकमेकांकडं बघायला लागलं, वहीतली गोष्ट संपली, तिनं पदाच्या सुरावर बोट नेलं, आणि अंबूताईंनी झांजा खाली ठेवल्या. आणि देवानं? वहीत नव्हतं ते. पुढचं वाक्य आलं तेव्हा मंडपातून कसलासा आवाज उठला, हसण्याचा म्हणावा तर हसण्याचा, रडण्याचा म्हणावा तर रडण्याचा, ऐन वैशाखात झाडाची पानं एकदम हलावीत तसा. तिचं बोट पट्टीवरून घसरलं. परतीच्या बसमध्ये, खिडकीच्या दांडीला डोकं टेकून अंबूताई झोपल्या होत्या तेव्हा, तिनं पिशवीतून वही काढली आणि हलत्या अक्षरात ते वाक्य गोष्टीच्या खाली उतरवून घेतलं. तेव्हापासून ते तिच्या अक्षरात होतं. पाच वर्षं. अक्षर आपलं असलं की माणसाला वाक्यही आपलं वाटायला लागतं, आणि तिला तर वाटायचंही कारण पडलं नव्हतं. कीर्तनात कुणाचं काय हे विचारतो कोण?

मंगळवारी कारखान्याच्या बसमध्ये तिनं ते वाक्य काढून बघितलं. मनातल्या मनात. खिडकीतून तेच रोजचं दिसत होतं, निलगिरीची झाडं, अर्धवट बांधलेली शेड, सायकलवरून जाणारे शिफ्टचे लोक, आणि ती गोष्ट अळणी लागला इथं संपवून, थोडं थांबून, पुन्हा संपवून बघत होती. संपत होती. चांगली संपत होती. शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखी, खाली तात्पर्य लिहायचं तेवढं बाकी. दुपारी डबा खाताना तिनं कोऱ्या कागदावर दुसरंच काही लिहायला घेतलं, कारखान्याबद्दल, रोजच्या या बसबद्दल, आपल्याला येतं की लिहायला, एवढं काय त्या गोष्टीला चिकटून बसायचं. दोन ओळी झाल्या आणि तिसरी ‘आता पाहा’ अशी सुरू झाली. खोडली. पुन्हा लिहिली तर ‘बरं का’ आलं. तिसऱ्यांदा वाक्य चांगलं उतरलं, पण ते वाचताना तिच्या कानात ते अंबूताईंच्याच आवाजात वाजलं, जिथं त्या श्वास घेतील तिथंच स्वल्पविराम पडलेला. ती कागदाकडं बघत राहिली. म्हणजे हेही नाही. तिच्या आत पाणी कुठून येतं ते शोधत ती मागं मागं जात होती आणि प्रत्येक पाटाच्या वरच्या अंगाला त्या म्हाताऱ्या बाई नऊवारी खोचून उभ्या होत्या. तिला एकदम त्यांचा राग आला. पाचशे लोकांसमोर पाच वर्षं ती त्यांच्या मागं बसली होती, डोकं खाली घालून, आणि झेरॉक्सवाल्या माणसालासुद्धा वाटलं की हिनं लिहून घेतलं. राग आला त्याची लाज वाटली. लाज वाटली म्हणून डबा तसाच बंद करून ठेवला.

रात्री जेवताना यशवंतनं तिचा उतरलेला चेहरा बघून विचारलं आणि तिनं, आईचं नाव न घेता, सगळं सांगितलं. यशवंतनं कोर्टात उभं राहावं तसा घसा साफ केला. त्याच्या मते प्रश्नच नव्हता. लिहिलं कुणी, हिनं. वहीत अक्षर कुणाचं, हिचं. तोंडून निघालेलं वाक्य हवेत जातं, त्याला मालक नसतो, आणि अंबूताई काय पुण्याला जाऊन हरकत घेणार आहेत? सुमनवहिनी भात वाढता वाढता म्हणाली, मग मी रोज करते ती आमटी कुणाची म्हणायची, सासूबाईंनी शिकवलेली आहे. आणि लगेच स्वतःच हसली, सासूबाईंची आमटी आपली म्हणायला कुणी पुढं येणार नाही म्हणा. यशवंतही हसला. वेदश्री हसली. मग तिघंही खाली बघून जेवायला लागली.

बेलूरला बुधवारी वीज नसे, त्यामुळं कारखान्याला सुट्टी. ती उन्हाचीच अंबूताईंकडं गेली. देवळाच्या मागं त्यांची दीड खोली. त्या दारात पाट घेऊन चिंचेनं झांजा घासत बसल्या होत्या. एवढ्या उन्हात कशाला आलीस, रविवार काय पळून जात होता, असं म्हणून त्यांनी आधी तिला गूळ-पाणी दिलं आणि मग घासता घासता ऐकून घेतलं. पुणं, जून महिना, नमुना, सही. मारुतीचं तिनं सांगितलं तेव्हा त्यांना भलताच आनंद झाला, त्या म्हातारीला मी ओळखते, ती माझ्या कीर्तनात घोरते, म्हणाल्या. वेदश्रीनं शेवटी ते वाक्य काढलं. म्हणाली, बाकीचं मी लिहिलंय पण ते तुमचं आहे, तुम्हाला तिथं उभ्या उभ्या सुचलं, मला आयुष्यभर बसूनही सुचलं नसतं. विचारल्याशिवाय मी त्याच्याखाली सही कशी करू?

अंबूताईंनी झांज उलटी करून तिच्यावर अंगठा फिरवला. “मला कलघटगीला सुचलं असं वाटतं होय तुला?”

“मग?”

“तुझे अप्पा जेवताना पाणी घेत नसत गं. तू बघितलं नाहीस?”

तिला काही कळेना. अंबूताई सांगत गेल्या, हात थांबला नाही. दत्तजयंतीच्या पारण्याला वत्सलाबाई त्यांना दरवर्षी जेवायला ठेवून घ्यायच्या. टायफॉइडनंतरच्या वर्षी पहिल्याच घासाला अंबूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात आपसूक तांब्याकडं गेला. समोरच्या पानावरून तुझ्या अप्पांनी माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं. त्यांचं फुलपात्र पालथं होतं. मी हात मागं घेतला. पानावर कुणी घटाघटा पाणी प्यायला लागलं की वाढणारीला कळतं की. जेवण झाल्यावर ते परसात गेले आणि रांजणाशी उभ्यानं दोन तांबे प्यायले, तुझ्या आईची पाठ होती तिकडं. ते वाक्य त्यांचं आहे बाळ. मी नुसतं देवाच्या अंगावर घातलं.

वेदश्रीच्या हातात गुळाचा खडा तसाच राहिला. फुलपात्रं मांडायचं काम तिचं होतं. सातवीपासून, रोज, दोन्ही वेळा. आईचं उजवीकडं, यशवंतचं डावीकडं कारण तो डावखुरा, आणि अप्पांचं पालथं. ‘माझं पालथं ठेव गं’ असं अप्पांनी एकदा कधी सांगितलं होतं आणि तिनं ते आपल्या हातानं वर्षानुवर्षं पालथं घातलं होतं, पितळेच्या तळावरची नक्षीसुद्धा तिला आत्ता दिसत होती, आणि का ते तिनं एकदाही विचारलं नव्हतं. वडलांची सवय. काहींना जेवताना पाणी चालत नाही. घराची गोष्ट मी लिहिली असं ती पाच वर्षं मनाशी म्हणत आली होती, आणि घरातलं सगळ्यात मोठं तिच्या हाताखालून निसटलं होतं; वर्षातून एकदा जेवायला येणाऱ्या, मोतीबिंदू झालेल्या बाईंना ते दिसलं होतं.

“घेऊन जा,” अंबूताई म्हणाल्या. “तुझ्या घरचं आहे, माझ्याकडं राहायला आलं होतं. कर सही.” मग झांजा फडक्यात गुंडाळत, तिच्याकडं न बघता, त्या म्हणाल्या की हुबळीत आता विजेची सुरपेटी मिळते म्हणे, बटण दाबलं की रात्रंदिवस सूर देते आणि उलट बोलत नाही. जूनपर्यंत एक बघून ठेवायला हवी.

तिनं सही केली. त्याच संध्याकाळी, निळ्या शाईनं, सर्वस्वी या शब्दाखाली. पाकीट बंद केलं, पत्ता घातला. विचारलं होतं, मिळालं होतं, आता मन शांत व्हायला काय हरकत होती? पण ते आतल्या आत येरझारा घालत राहिलं. गुरुवारी टाइप करताना तिनं तीनदा तारीख चुकवली. पाकीट तिच्या पिशवीत होतं आणि पिशवी पायाशी होती आणि पायाला ती जाणवत होती, मांजर अंग घासून जावं तशी. दिवे लागायच्या सुमाराला ती तशीच, घरी न जाता, देवळात गेली, कारण साडेसहाला कीर्तन होतं.

नेहमीचंच सगळं. भीमराव तबल्याला हातोडी लावत होते, बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, मधल्या वाटेवर चपला शोधणारं एखादं पोर. बुक्क्याचा आणि उन्हानं तापलेल्या फरशीचा वास. अंबूताईंनी नमन केलं, काळी चारच्या पट्टीत सूर धरला, आणि वेदश्रीला वाटलं त्यांचा आवाज आज जरा जास्तच मोकळा आहे, घर आवरून झालेल्या बाईसारखा. निरूपण चढत गेलं. देवाला काय आवडतं, पान, फूल, पाणी. आणि माणसाला माणसाचं काय गोड मानून घेता येतं. इथं मिठाची गोष्ट. गेली पाच वर्षं या निरूपणात इथंच. बायकांच्या बाजूला पदर सावरले गेले, मागच्या पुढं सरकल्या, लेकरांची तोंडं पुढं वळवली गेली. वेदश्रीनं सवयीनं बाकीचे सूर सोडले आणि एकटा षड्ज धरला. अंबूताईंच्या हातातल्या झांजा खाली आल्या नाहीत. त्यांनी श्वास घेतला आणि पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपवायचं पद उचललं.

क्षणभर तिला वाटलं, विसरल्या. मग कळलं. आपल्या गुरूंकडून आलेलं एक आख्यान त्यांनी पूर्वी एका शिष्येला देऊन टाकलं होतं, आणि नंतर ते कधी सांगितलं नाही. वेदश्रीनं का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, वाढलेल्या पानातलं परत उचलायचं असतं का. म्हणजे हे असं होतं. घेऊन जा म्हणाल्या त्याचा अर्थ हा. आता ती गोष्ट या देवळात नाही, कलघटगीला नाही, कुठंच नाही. फक्त पायाशी, पाकिटात, तीन पानांवर, सर्वस्वी. अप्पांनी तेवढी वर्षं पालथं ठेवलेलं ते फुलपात्र पुण्यातल्या कुणा अनोळखी टेबलावर जाऊन पडणार होतं आणि इथं पुढं सरकून बसलेल्या या बायका कशासाठी पुढं सरकलो ते न कळून बसून राहणार होत्या. पदाची पहिली ओळ संपली. कीर्तनाची रीत अशी की कीर्तनकारानं ओळ टाकली की पेटीवाल्यानं ती उचलून परत द्यायची, मग तबला भरायचा, मग पुढची ओळ. वेदश्रीनं ओळ उचलली नाही.

तिनं असं ठरवलं नव्हतं. गळ्यात ओळ तयार होती, बोटं जागेवर होती. पण तिनं षड्जावरचं बोट हलवलं नाही. भीमरावांचा उचललेला हात तबल्यावर यायचा तो हवेत राहिला, त्यांनी डोळ्यांनी तिला विचारलं, काय झालं. तो एकच सूर देवळात लांब लांब चालला. ही उदारता होती की भीती, पुण्याची, कोऱ्या कागदाची, स्वतःच्या नावाची, हे तिला तिथं बसल्या बसल्या सांगता आलं नसतं, आणि पुढंही कधी नक्की सांगता येणार नव्हतं. एवढंच कळत होतं की हे बोट उचललं तर सही खरी होईल, आणि नाही उचललं तर उद्या कुरिअरवाल्याकडं द्यायला तिच्याजवळ काही उरणार नाही. शुक्रवार. हजार शब्द. अंबूताईंनी मागं वळून बघितलं. कीर्तनात त्या कधी मागं वळत नसत.

“ओळ दे की,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुम्ही सांगा आधी,” ती म्हणाली. “लोक बसलेत.”

पहिल्या रांगेतल्या दोनचार बायकांनी ते ऐकलं असावं. अंबूताई तिच्याकडं बघत राहिल्या, मोतीबिंदूच्या धुरकट डोळ्यांनी, तिला दिसत होतं त्याहून काही जास्त त्यांना दिसत असल्यासारख्या. मग त्यांच्या तोंडावर एक खट्याळ सुरकुती आली, त्या समोर वळल्या आणि त्यांनी झांजा चौरंगावर ठेवल्या.

“धारवाडात एक गृहस्थ होते,” त्यांनी सुरुवात केली. “सरकारी नोकरीत. भले. जेवायला बसले की आपलं फुलपात्र पालथं घालायचे.”

वहीत हे नव्हतं. खेडं नव्हतं, देऊळ नव्हतं, नैवेद्य रांधणारी बाई अजून गोष्टीत आलीच नव्हती. मागच्या बायका मान उंच करून बघायला लागल्या, ही कुठली नवीन? आणि ते मांडायची त्यांची लेक, अंबूताई सांगत होत्या, एवढीशी, सातवीतली, आणि तिला वाटायचं वडलांना तहानच लागत नाही. कुणीतरी हसलं. वेदश्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला उठून जावंसं वाटलं, आणि पुढचं ऐकायचंही होतं. आईला हे माहीत होतं का, असा प्रश्न आज पहिल्यांदाच तिच्या मनात आला होता आणि त्याचं उत्तर अंबूताई देणार की नाही ते तिला माहीत नव्हतं, कदाचित त्यांनाही नव्हतं. ती ऐकत गेली. भाता ओढायचा राहून गेला, पेटीतली हवा संपत आली, सूर बारीक होत होत थांबला, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.